बसमधली चाळिसावी सीट

विस्कॉन्सिनमधल्या त्या चीजच्या कारखान्यात व्हर्लिन ओसोव्स्की चेडरच्या लाद्या उलटायचा आणि उलटता उलटता त्याचा उजवा पाय आपोआप हलायचा. सोबतचे म्हणायचे, लागली याची तंद्री. खरंच लागलेली असायची. कारखान्याचं छप्पर विरघळायचं, वर ऑक्टोबरचं आभाळ यायचं, आणि त्याने मारलेला लंबगोल चेंडू दोन उंच पिवळ्या खांबांमधून सावकाश, पिसासारखा निघून जायचा.

प्रत्यक्षात नऊ वर्षांत त्याने सामन्यात एकही किक मारली नव्हती. गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो राखीव किकर. किक मारायचा लिंडक्विस्ट, शाळेत भूगोल शिकवणारा. व्हर्लिन गुडघा टेकून त्याच्यासाठी चेंडू उभा धरायचा. ‘चेंडूची शिवण खांबांकडे,’ लिंडक्विस्ट दर वेळी बजावायचा. किक बसली की व्हर्लिन वर बघतच नसे. नजर लागेल अशी भीती. गवतावरच्या दबलेल्या ठशाकडे बघत बसायचा. काय झालं ते लोकांच्या आवाजावरून कळायचं.

त्या आठवड्यात कोच ब्रॅंट घरी आला आणि कॉफी ढवळत म्हणाला, की बसमध्ये सीटा चाळीसच. पुढल्या शनिवारपासून राखीव किकर नको, त्या जागी एखादा धिप्पाड गडी घेऊ. चेंडू काय, कुणीही धरेल.

व्हर्लिनने साखरेचं भांडं पुढे सरकवलं. बोलली त्याची बायको आर्लीन.

“तुमच्या गाडीतली स्टेपनी काढून टाकलीत का हो, कोच?”

“स्टेपनी दर शनिवारी चार सॉसेज खात नाही, बाई.”

म्हणजे हा शनिवार शेवटचा. सामना नदीपलीकडच्या गावात. तिसऱ्या सत्रात कुणालातरी पाडायला धावताना लिंडक्विस्टची पोटरी धरली. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता, आणि खांबांमधून गेलेल्या किकचे गुण तीन.

कोचने व्हर्लिनकडे बघून नुसती मान हलवली. मग त्याच्या ध्यानात आलं.

“आणि चेंडू कोण धरणार?”

बाकावर कुणी हात वर करेना. कुणीही धरेल म्हणालेला माणूस एकेकाचं तोंड बघत राहिला. तेवढ्यात लिंडक्विस्ट लंगडत उठला, मैदानात गेला आणि कण्हत गुडघ्यावर बसला.

“शिवण खांबांकडे,” व्हर्लिन म्हणाला.

“माहितीये रे, बाबा.”

पुढचं सगळं त्याला पाण्याखालून दिसावं तसं दिसलं. दोन पावलं मागे, दोन बाजूला. चेंडूच्या टोकावर लिंडक्विस्टचं बोट. पायाला काही लागलंच नाही जणू. सवयीने त्याची नजर गवतावर गेली. दबलेला ठसा, एक चुरगळलेलं पान.

“वर बघ, येड्या,” लिंडक्विस्ट खालून म्हणाला.

त्याने वर बघितलं. चेंडू अजून आभाळातच होता, खांबांमधून पलीकडे गेलेला, उतरायची घाई नसलेला.

परतताना बसमध्ये गोंगाट होता. कोच सीटांना धरत धरत मागे आला. लिंडक्विस्टच्या पोटरीवर बर्फ बांधलेला. तीन आठवडे तरी हा उभा राहत नाही, कोच पुटपुटला. म्हणजे पुढच्या शनिवारीही किक व्हर्लिनची. आणि मग काळजीने त्याने विचारलं, “पण तुला काही झालं, तर राखीव कोण?”

लिंडक्विस्ट एवढा हसला की बर्फाची पिशवी खाली पडली. चाळिसाव्या सीटवरच्या व्हर्लिनने ऐकलंच नाही. काचेला कपाळ टेकवून तो आभाळ बघत होता, आणि त्याचा उजवा पाय अगदी स्थिर होता.