पंतमास्तरांची दोन अव्यक्तं

शाळेतले जुने सोबती भेटले की कापसाच्या तेजीवर सुरू झालेलं बोलणं हटकून बीजगणितावर येतं. गणित सगळेच विसरलो, किस्से मात्र दर भेटीला वाढतातच!

तेव्हा अमरावतीचे रस्ते कापसाच्या गाड्यांनी तुंबलेले असत. त्या धुळीत पंतमास्तर पुण्याहून आम्हाला शिकवायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर य आणि क्ष लिहिले. "ही दोन अव्यक्तं. यांची किंमत आपल्याला ठाऊक नाही."

कापूस-दलालाचा पोरगा उकंडा उठला. "तुमालेच ठाऊक नाई, तं आमाले काहून विचारून राह्यले?"

* * *

मग रीत आली. वजाबाकीनं य घालवायचा, क्ष काढायचा, आणि त्यावरून पुन्हा य काढायचा.

मागं बसणाऱ्या गणपतला एव्हाना मिशा फुटल्या होत्या. तो वैतागला. "मास्तर, वापसच आनाचं होतं तं त्याले हाकललं काहून?"

त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

* * *

एकदा मास्तरांनी आमच्या सोयीचं उदाहरण घातलं. दोन शेतकऱ्यांचे मिळून दहा बैल. पहिल्यानं दुसऱ्याला एक दिला, तर दोघांचे सारखे.

गणपतची पाटी कोरी. "अशा तेजीत बैल फुकट कोन देते, मास्तर?"

"बरं बाबा, विकला समज."

"मंग भाव सांगा!"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "अव्यक्तं तीन झाली. आता तिसरं समीकरण कुठून आणू?"

* * *

आणि हा माझा लाडका किस्सा. डेप्युटीसाहेब तपासणीला आले. दोन अव्यक्तांचं उदाहरण एकालाही सुटलं नाही, तर बीजगणित बंद आणि मास्तर परत पुण्याला! आम्ही त्यांना छळायचो खरं, पण ते जावेत असं कुणालाच वाटत नव्हतं.

साहेबांनी उदाहरण घातलं, "य आणि क्ष मिळून बारा. यमधून क्ष वजा केला की दोन. सांगा!"

उकंडा सरळ टेबलाशी गेला.

आमच्या बाजारात कापसाचा भाव कुणी तोंडानं बोलत नसे. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून तो ठरायचा. उकंड्यानं साहेबांच्या हातावर रुमाल टाकला आणि खाली आपला हात घातला.

"हे काय?" साहेब ओरडले.

"रीत आहे, साहेब."

त्यानं पाच बोटं दाबली आणि साहेबांचं तोंड पाहिलं. मग पहिलं बोट पुन्हा दाबलं, सहा झाले. सातव्यांदा दाबलं आणि साहेबांचा हात असा दचकला की दौत कलंडली!

"य सात," उकंडा म्हणाला.

"आणि क्ष?"

"त्याले तुमचा हात कायले पायजे? बारातून सात गेले, पाच!"

साहेबांनी दौत सरळ केली, पास लिहिलं आणि मास्तरांकडे वळले. "ही रीत तुम्ही शिकवलीत?"

"दुसरी अर्धी," पंतमास्तर म्हणाले.