नलूमावशींचे छप्पर

नोव्हेंबर लागला की दर शनिवारी सकाळी नलूमावशी पुऱ्या तळायचा झारा घेऊन छपरावर जायच्या. कानटोपी, सलवार-कमीजवर यजमानांचा जुना ओव्हरकोट, पायांत बर्फातले बूट आणि काखेत सांगलीहून आणलेला खराटा, असा त्यांचा थाट असे. पाणी वाहून जायला छपराच्या मधोमध एक जाळीचे भोक होते. त्यात अडकलेली पाने त्या झाऱ्याने अशा निगुतीने काढायच्या, की बघणाऱ्याला वाटावे कढईत काहीतरी तळणे चालू आहे. जिन्यात त्यांचे बूट वाजले की शनिवार उजाडला असे आम्ही समजायचो.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातल्या त्या तीन मजली इमारतीत आम्ही पुण्याहून नुकतेच राहायला आलो होतो. सामान लावता लावता मी उत्साहाने जिना चढून अगदी वर गेले. दार उघडे होते आणि पलीकडे ऐसपैस सपाट छप्पर. मी नवऱ्याला हाक मारली, "अरे, गच्ची आहे आपल्याला."

"ही गच्ची नव्हे," मागून खणखणीत मराठीत आवाज आला. "हे फ्लाखडाख आहे, नुसतं सपाट छप्पर. इथे बसायचं नाही, कुंड्या ठेवायच्या नाहीत आणि काहीही वाळत घालायचं नाही." मी चपापून वळले. सत्तरीच्या एक बुटक्या बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. एवढे बजावून झाल्यावर त्यांनी त्याच आवाजात विचारले, "पोहे खाल ना?" त्या आमच्या बरोबर वरच्या घरात राहत होत्या, हे मला पोहे खाताना कळले.

"बर्फाशी माझं भांडण नाही," मावशी म्हणायच्या. "तुंबण्याशी आहे. घराच्या उबेनं खालचा बर्फ वितळतो, ते पाणी गार जागी जाऊन परत गोठतं आणि त्याचा बांध होतो. मग मागचं पाणी जाणार कुठे? माझ्या पलंगावर." पलंगाचा अनुभव खरा होता. त्यांचे यजमान इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. या घरातल्या पहिल्याच हिवाळ्यात दोघे छत्री उघडून झोपल्याची हकीकत त्या रंगवून सांगत. यजमान गेल्यावर छपराची सगळी काळजी त्यांनी स्वतःकडे घेतली. इमारतीला देखभालीसाठी हाउसमाइस्टर होता, पण तो मावशींना विचारल्याशिवाय वर पाऊल टाकत नसे.

घरातली ऊब वर निसटू नये म्हणून थंडीच्या तोंडावर त्या वरच्या मजल्यावर उदबत्ती घेऊन फिरायच्या. छताला छपराखालच्या पोकळीत उघडणारी छोटी झडप होती. तिच्या कडेने उदबत्ती फिरवायची आणि धूर जिथे वर ओढला जाईल तिथे रबराची पट्टी चिकटवायची. समोरच्या घरातले हेर क्राउझं, म्हणजे श्रीयुत क्राउझं, हे एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ. पहिल्या वर्षी त्यांना वाटले, ही काहीतरी भारतीय पूजा आहे. सगळे होईपर्यंत ते हात जोडून उभे राहिले. मावशींनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. "नाही कशाला म्हणू? त्या निमित्तानं माणूस दार तरी उघडतो," असे त्यांचे म्हणणे.

बर्फ फार साठला की त्या खराट्याने वरवरचा थर ढकलायच्या आणि खालचा पातळ थर तसाच ठेवायच्या. लोखंडी फावड्याला त्यांची सक्त मनाई होती, कारण त्याने छपरावरची डांबराची चादर फाटते. कोणी मिठाची पिशवी आणली तर म्हणायच्या, "मीठ लोणच्याला. छपराला नाही."

एका शरद ऋतूत मात्र छपरावरच्या ओल्या पानांवरून त्यांचा पाय सरकला आणि घोटा मुरगळला. ड्युसेलडॉर्फहून त्यांचा मुलगा नितीन धावत आला. आईने एकटीने राहणे आता पुरे, माझ्याकडे चल, असा त्याने धोशा लावला. मावशींना हे घर सोडायचे नव्हते. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी चहाला मला मुद्दाम बोलावून, माझ्यादेखत मावशींनी निकाल सांगितला, "हे बघ नितीन, या हिवाळ्यात माझ्या छतातून एक थेंब जरी गळला, तर मी मुकाट्यानं तुझ्याकडे येते. नाही गळला, तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," नितीन म्हणाला. मला त्या दोघांचाही राग आला. मावशी जाणार ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीत माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या. मावशींची आणि त्यांची अशी गट्टी जमली की आमच्या घरात त्या जेवणापुरत्या उरल्या. एक दिवस लख्ख ऊन पडले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, पण खिडकीतून बघावे तर पुण्यातला मार्च. त्या उन्हात काय झाले ते मला नंतर कळले. सासूबाई म्हणाल्या, "अहो नलूताई, एवढं ऊन वाया चाललंय. बटाटे उकडून कीस घालू या का?" आणि ज्या बाईने इमारतीतल्या कोणाला रुमाल वाळत घालू दिला नव्हता, ती बाई आपली जुनी हिरवी इरकल घेऊन निघाली. छपरावर साडी अंथरून दोघींनी तिच्यावर कीस पसरला. दुपारी आभाळ भरून आले, बर्फ भुरभुरू लागला. दोघींनी घाईघाईने कीस परातींत भरला आणि गप्पा मारत खाली आल्या. साडी सासूबाईंनी घेतली असे मावशींना वाटले, मावशींनी घेतली असे सासूबाईंना.

नंतर चार दिवस बर्फ पडत राहिला. शनिवारी सकाळी थंडी जरा ओसरली. छपराचे पाणी नेणारा पाइप मावशींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून खाली जायचा. बर्फ वितळू लागला की मावशी त्या भिंतीला कान लावायच्या. त्या दिवशी पाइप गप्प होता. त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही वर गेलो. बर्फाखाली घोटाभर पाणी साठले होते. जाळीच्या भोकावर बर्फाचा टणक गोळा आणि त्यात हिरवे काठ.

"आल्झो, म्हणजे असं झालं तर," मावशी हळूच म्हणाल्या. "ही तर माझी इरकल." त्यांचा चेहरा एवढासा झाला. दुपारी नितीन यायचा होता.

हेर क्राउझं फावडे घेऊन आले. मावशी भोकापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "आधी मला मारा, मग छपराला," असे त्यांनी जर्मनमध्ये सांगितले. उकळते पाणी ओतण्यातही अर्थ नव्हता, ते तिथेच साठून पुन्हा गोठले असते. शेवटी सासूबाईंनी त्यांची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी आणली. मावशींनी ती गोळ्यावर ठेवली आणि थोड्या वेळाने बर्फाला पाझर फुटला. मग काय, मी प्रत्येक दार ठोठावले. या देशात घरटी एक तरी अशी पिशवी असतेच. हेर क्राउझंची निघाली ती लोकरी मेंढीच्या आकाराची. सासूबाई खाली पाणी तापवत होत्या, आम्ही जिन्यातून पिशव्या वरखाली करत होतो आणि मावशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या बदलत होत्या. नितीन आला तेव्हा कोणी काही सांगायच्या आत त्याच्या हातात मेंढी पडली. तोही कोट न काढता कामाला लागला.

बऱ्याच वेळाने गोळा हलला. मावशींनी झारा घालून साडी ओढली आणि पाणी गडगडत पाइपातून खाली गेले. हेर क्राउझंनी टोपी काढून मावशींना सलाम केला. सगळे हसले, मावशी सोडून.

त्या सरळ आपल्या झोपायच्या खोलीत गेल्या. मी आणि नितीन त्यांच्या मागे. छतावर ओला डाग उमटला होता आणि खाली पलंगपोसावर रुपयाएवढा ओलावा.

"गळला," मावशी म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. मार्चमध्ये येते मी तुझ्याकडे."

मला राहवले नाही. "मावशी, छप्पर नाही गळलं. साडीमुळे तुंबलं."

"साडी कोणाची? वर नेली कोणी? थेंब तो थेंब, मुग्धा." आवाज अगदी शांत होता, पण ओव्हरकोटाची बटणे काढता काढता त्यांनी काढलेले बटण पुन्हा लावले.

नितीन एकदा छताकडे बघत राहिला, मग त्या बटणाकडे. मग तो पुढे झाला आणि पलंगावर बसला, नेमका त्या ओलाव्यावर.

"कुठे आहे थेंब?" त्याने विचारले. "मला तर काही दिसत नाही."

"ऊठ, ओलं आहे तिथे."

"कोरडं आहे, आई," तो म्हणाला, आणि सासूबाई चहा घेऊन येईपर्यंत तिथून हलला नाही.

मावशी शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. गेल्या त्याही त्याच पलंगावर, झोपेत, नितीन शेजारच्या खोलीत असताना.