पहिला कॅमेरा, पहिला फोटो आणि आमचे मामा

पहिला कॅमेरा कुठला घेऊ, बजेट कमी आहे, असं तुम्ही मला विचारताय? मला? बसा आधी. चहा घ्या. अहो, कॅमेऱ्यावर मी जेवढं वाचलंय तेवढं दहावीला वाचलं असतं, तर आज आसनगावच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत बसलो नसतो. पण सल्ला काही मी देणार नाही. काय झालं तेवढं सांगतो, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. हसायचं असेल तर खुशाल हसा. मला आता काही वाटत नाही. दमलोय मी त्या प्रकरणाला.

झालं असं, की आमच्या धाकट्या मेहुणीचा, प्रणालीचा, साखरपुडा ठरला. माझी सासुरवाडी किन्हवलीपासून थोडी आत, आणि मुलगा मुरबाडकडचा. पोरीनं स्वतः पसंत केलेला. घरच्यांना मनवायला तिला वर्ष लागलं, त्यांच्याकडच्यांना मनवायला मुलाला दीड. एवढं सगळं होऊन मुलाला लागली परदेशात नोकरी! सव्वा महिन्यानं विमान, परत येणार दोन वर्षांनी. त्याआधी दोन्ही घरांना जमणारा रविवार एकच, म्हणजे साखरपुडा व्हायचा तर त्याच रविवारी. तो रविवार गेला की सगळं गेलं.

फोटोग्राफरनं सांगितलेला आकडा ऐकून मामांनी डोक्यावरची टोपीच काढून ठेवली. मामा म्हणजे माझे सासरे. आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून निघालं, "मामा, फोटोग्राफर कशाला? मी आहे ना! तेवढ्याच पैशात कॅमेरा येतो. फोटोही होतील आणि कॅमेराही घरात राहील."

माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझ्याकडे नुसतं बघितलं. सतरा वर्षांच्या संसारात ती नजर मला पाठ झालीय. पण जावयाच्या अंगात एकदा आलं की उतरतं का हो?

मग सुरू झाला शोध. तीन आठवडे! रोज ड्यूटीवरून आलो की व्हिडिओ. एक जण म्हणतो, बॉडी स्वस्त घ्या, लेन्सवर पैसे घाला. दुसरा म्हणतो, लेन्स नंतर येतील, बॉडी एकदाच येते. तिसरा म्हणतो, मेगापिक्सेल बघू नका, सेन्सर बघा. चौथा म्हणतो, हे काहीच बघू नका, माझा कोर्स घ्या. आमच्या कारखान्यात एक साहेब आहेत, हौशी. ते म्हणाले, "घेतोयस तर फुल फ्रेमच घे." मी किंमत बघितली. त्यात आमचं स्वयंपाकघर नवं झालं असतं.

शेवटी मुरबाडला एक म्हातारे गृहस्थ भेटले. आयुष्यभर स्टुडिओ चालवलेला, आता बंद करून सामान विकत होते. त्यांनी विचारलं, "काढणार काय?"

म्हटलं, "माणसं."

"बजेट?"

सांगितलं. हसले नाहीत, एवढा मोठा माणूस. म्हणाले, "मग नव्याच्या नादी लागू नका. हा जुना घ्या, आणि ही साधी पन्नासची लेन्स. झूम नाही हिला, पायानं पुढं-मागं व्हायचं. पण माणूस असा येईल ना, की मागचं सगळं धूसर आणि चेहरा तेवढा लख्ख. आणि कामाच्या आधी आठ दिवस सराव करा."

एवढं शहाणपणाचं बोलणं मी तीन आठवड्यांत ऐकलं नव्हतं. घेतला कॅमेरा. दोष त्या माणसाचा अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शहापूरला घरी येऊन मेनूत बोटं घातली आणि काहीतरी दाबलं गेलं. झाले सगळे फोटो काळे-पांढरे! परत रंगीत काही होईनात. सुनंदा म्हणाली, "त्या माणसाला फोन करा." मी म्हटलं, "अगं, हे कलात्मक असतं." खरं म्हणजे विचारायची लाज वाटली.

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी सरावाला सासुरवाडीला गेलो. सकाळचे दहा वाजलेले. मामा दाढी-अंघोळ करून, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून ओट्यावर बसलेले. मागे दोरीवर धुतलेली चादर. मामांची नजर लांब कुठंतरी लागलेली, चेहऱ्यावर अशी काही शांती, की जणू संसारातून मन उठलंय. वास्तविक शेजाऱ्याची बकरी आपल्या वालाच्या शेतात शिरतेय का, हे ते बघत होते. पण कॅमेऱ्याला बकरीचं काय कळतं? दाबलं बटण.

काय सांगू, काय फोटो आला! चादर धूसर, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती लख्ख. मी स्वतःच्या प्रेमात पडलो.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर उभं राहून तो फोटो स्टेटसला लावला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली काहीतरी लिहायला हवं ना? लिहिलं, "आमचे मामा. साधी राहणी, मोठं मन. असा माणूस पुन्हा होणे नाही." आणि पुढे दोन जोडलेले हात.

हं. तुमच्या लक्षात आलं. मला नाही आलं हो! आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा, काळा-पांढरा फोटो, खाली जोडलेले हात, हे कशाला असतं हे तालुक्यातलं शेंबडं पोर सांगेल. पण माझ्या डोक्यात लेन्स होती.

दोन मिनिटांत उत्तरं सुरू. जोडलेले हात, जोडलेले हात, "शब्दच नाहीत". मला वाटलं, वा! लोकांना कलेची जाण आहे. प्रत्येकाला मी उत्तर दिलं, "धन्यवाद, आभारी आहे."

एका मावससासूबाईंनी विचारलं, "कधी?"

मी लिहिलं, "कालच, सकाळी दहाला."

"अचानक कसं काय?"

"ओट्यावर बसले होते, म्हटलं उरकून घेऊ."

मग प्रणालीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा मेसेज आला, "फार वाईट झालं. रविवारचं आता कसं?" वाईट? मला वाटलं, ह्यांना रंगीत हवे असतील. मी लिहिलं, "रविवारचं टेन्शन घेऊ नका, आता माझा हात बसलाय."

तेवढ्यात भोंगा झाला. आमच्याकडे मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. ठेवला आणि गेलो. दिवसभर शीळ घालत नटबोल्ट मोजले.

साडेतीनला बाहेर आलो. मोबाइल उघडला. एकशे चौदा मेसेज. माझा फोटो पन्नास लोकांनी आपापल्या स्टेटसला लावलेला. आणि प्रत्येकाच्या खाली काय? भावपूर्ण श्रद्धांजली!

पहिला विचार आला, मामांना खरंच काही झालं? आणि दुसऱ्या क्षणी सगळा उजेड पडला.

सुनंदाला फोन लावला. ती आधीच माहेरी पोचलेली, विहिरीपाशी रेंज धरून उभी. एवढंच बोलली, "शेजारनीनं येऊन मला मिठी मारली. शहापूरपासून हितपर्यंत रडत आले मी, रिक्षात. बाबांचा फोन लागत नव्हता, तुमचा लागत नव्हता. आले तर बाबा भाकरी खात बसलेले." आणि फोन ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आजही ते रिक्षातलं आठवलं की मला माझीच चीड येते.

गाडी काढली, तडक सासुरवाडीला. वळणावरच मुरबाडच्या एसटीतून उतरलेल्या चार बाया भेटल्या, पदर तोंडाला लावलेला. घरापुढे पन्नासेक माणसं. कोपऱ्यात कोणीतरी आणून टाकलेले बांबू आणि नवं मडकं. आणि मधोमध ओट्यावर मामा! येईल त्याला म्हणत होते, "या, बसा. पानी घ्या." येणारा किंचाळायचा, मग बसायचा.

मी जाऊन पाय धरले. "मामा, चुकलं माझं."

मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, बसा. त्या मोबाइलात लोकांनी काय काय लिवलंय ते वाचा बरं."

"मामा, कशाला..."

"वाचा तर खरं. ह्ये आयकायला मिळत नाय कुनाला."

आणि मी वाचायला लागलो. पन्नास माणसांसमोर, उभ्यानं! "गावाचा आधारवड गेला." मामांनी मान हलवली. "कोणालाही रिकाम्या हाती परत न पाठवणारा माणूस." मामी आतून म्हणाल्या, "ह्ये कोनी लिवलं?" मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"आन् भातसानगरचा दामू? त्यानी काय लिवलंय?"

"त्यांचं काही नाही मामा. नुसता अंगठा टाकलाय."

"अंगठा! त्याच्या पोराच्या लग्नात तीन दिस राबलो मी. बघतो त्याला. अजून कोन कोन यायचंय? जरा थांबू या, एवढ्यात कोनाला काय सांगू नका."

तेवढ्यात सुनंदा दारात आली, डोळे लाल. "बाबा, आयकत काय बसलाव? मुरबाडकरांचा निरोप आलाय. सुतक हाय, रविवारचा साखरपुडा नाय. मांडववाल्याला पन नको सांगितलं त्यांनी. परनाली आत उशीत तोंड घालून पडलीय."

मामांचा चेहरा उतरला. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

मी विहिरीकडे धावलो. त्या वाडीत रेंज येते ती विहिरीपाशी, आणि तीही फक्त बोलण्यापुरती. होणाऱ्या सासऱ्यांना फोन लावला. "अहो, मामा जिवंत आहेत!"

पलीकडून अगदी मऊ आवाज आला, "जावईबापू, मन घट्ट करा. आमाला समजतं. धक्का बसलाय तुमाला."

"धक्का नाही हो! खरंच जिवंत आहेत!"

"सकाळी तुमीच लिवलं ना, काल दहाला म्हनून? वर हात बसलाय म्हनून लिवलंत. ते वाचून आमच्या घरात कोनी जेवलं नाय. घरात कोनीतरी आसंल ना शहानं, त्याला द्या फोन."

मामा माझ्या मागोमाग विहिरीपाशी आलेच होते, मी फोन त्यांच्या कानाला लावला. मामा म्हणाले, "व्याहीबुवा, मी बोलतोय."

तर पलीकडून म्हणतात कसे, "तुमी त्यांचे भाऊ का? आवाज अगदी सेम हाय हो." आणि रडायला लागले.

मामांनी फोन माझ्या हातात दिला, घरात गेले, साखरपुड्यासाठी शिवलेला नवा सदरा घालून बाहेर आले. "काढा गाडी. आता मलाच दाखवून आनू."

किन्हवलीहून मुरबाडकडे मी गाडी चालवतोय, मागे मामा. ओळखीचं माणूस दिसलं की मामा हात करणार, आणि ते माणूस जागच्या जागी थिजणार. एका टपरीवर चहाला थांबलो, तर टपरीवाल्यानं चहाचे पैसेच घेतले नाहीत. काउंटरवर त्याच्या मोबाइलात माझा फोटो उघडाच होता.

मुलाच्या घरी पोचलो. अंगणात सगळे उभे राहिले. मुलाची आजी पुढे आली. मामांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी वाकून पाय बघितले, सरळ आहेत का. दोनदा बघितले. मग म्हणाली, "मानूसच हाय. पानी आना गो."

होणाऱ्या सासऱ्यांनी मामांना मिठी मारली आणि ढसाढसा रडले. मामाही रडले. मुलानं तिथूनच मांडववाल्याला फोन लावला. रविवार ठरला. प्रणालीला कळवायला मी फोन हातात घेतला, तर मुलानं माझ्या हातातून हळूच काढून घेतला. म्हणाला, "भाऊजी, राहू द्या. मी सांगतो."

फक्त एकच अट निघाली. फोटोग्राफर त्यांचा. "जावयांना उगाच तरास नको," होणारे सासरे म्हणाले. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

झाला साखरपुडा. प्रणाली अशी काही खुलली होती, की तिच्याकडे बघून माझा आठवड्याचा शीण गेला. फोटोग्राफर आला, दोन बॅगा घेऊन. त्याच्याकडे माणूस कमी होता, म्हणून त्याचा दिवा धरून सकाळी दहापासून तीनपर्यंत कोण उभं होतं? मीच.

शेवटी फोटोग्राफर मामांना म्हणाला, "काका, तुमचा एकट्याचा एक घेऊ. छान येईल."

"नको," मामा म्हणाले, "माझा झालाय. आमच्या जावयांनी काढलाय. आक्ख्या तालुक्यानं बघितलाय."

मग माझ्याजवळ आले. माझ्या हातात तो दिवा, हलता येईना. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "तो फोटो पुसू नका हां. लई झ्याक आलाय. जपून ठेवा, पुढं लागंल."

एवढ्या सगळ्या भानगडीत माझ्या फोटोला चांगलं म्हणणारं ते एकच माणूस. मी कसंबसं म्हटलं, "हो मामा. ठेवतो."

"ठेवा. पन त्या टायमाला, जावईबापू, आदी नाडी बघा. मंगच टाका."