टिंचरची सात घरं

विष्णुपंत कंपाउंडरांचं सगळं आयुष्य मोजूनमापून चाललेलं होतं. खोकल्याचं औषध सहा खुणांच्या बाटलीत, डोळ्यांत थेंब दोन, सकाळचा चहा एक कप आणि संध्याकाळचा अर्धा. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये सरकारी दवाखाना निघाला तेव्हा, म्हणजे एकोणपन्नास साली, ते तिथे कामाला लागले आणि तिथलेच होऊन गेले. वय पन्नाशीला टेकलं होतं. लग्न राहून गेलं होतं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग बहिणीचं लग्न, मग भावाचं लग्न, असं करता करता यांची पाळी आली तेव्हा मुली सुचवणारी माणसंच उरली नव्हती. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. माणूस कुरकुऱ्या नव्हताच, हट्टी मात्र होता.

राहायला त्यांना बराकीतली पहिली खोली मिळाली होती. लढाईच्या काळात पलटणीसाठी बांधलेली ती लांबच लांब बराक. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली तेव्हा सरकारने मध्ये भिंती घालून तिच्या सहा खोल्या केल्या. भिंती कसल्या, जेमतेम पुरुषभर उंचीच्या. वर छप्पर सगळ्यांचं मिळून एकच. त्यामुळे एका घरातली फोडणी सहा घरांना ठसका देई, आणि भांडण तर सहाही घरांच्या मालकीचं असे. विष्णुपंतांना सिंधी येत नव्हतं, पण कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्यांना नुसत्या सुरावरून कळायचं.

त्यांच्या खोलीत दुसरा जीव होता तो मांजरीचा. पांढरीशुभ्र, आणि पाठीवर तेवढा एक तांबूस डाग, कापसाच्या बोळ्याने टिंचर आयोडिन फासावं तसा. म्हणून तिचं नाव टिंचर. मांजर पाळली आहे असं विष्णुपंत म्हणत नसत. ती येते, आपण दूध ठेवतो, एवढंच ते कबूल करीत. मांजर ही बाहेरची, तिला कोंडणं हा तिच्यावर जुलूम, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते विचारलं नसतानाही देत.

दिवाळीच्या सुमाराला हे मत महागात पडलं. टिंचर दवाखान्याच्या पायऱ्यांखाली व्याली. चार पिलं. पाण्याच्या टाकीखाली कुत्र्यांची टोळी असायची, तिने एका दुपारी डाव साधला. विष्णुपंत आत बाटल्या भरत होते. गलका ऐकून हातातल्या बाटलीसकट धावत बाहेर आले, पण तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे आठ दिवस टिंचर त्या पायऱ्यांखाली जाऊन ओरडत राहिली. विष्णुपंतांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. दवाखान्यात जाताना ते पायऱ्या सोडून बाजूच्या उतारावरून चढू लागले, आणि कोणी कारण विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगत.

फाल्गुनात ती पुन्हा व्यायला झाली तेव्हा विष्णुपंतांनी मत बदललं. बदललं ते असं की या टोकाचं थेट त्या टोकाला. औषधांचं रिकामं खोकं आणलं, त्यात कापूस अंथरला आणि खोलीच्या दाराला आतून-बाहेरून दोन्हीकडे कडी लावायची सवय लावून घेतली. तीन पिलं झाली. भिंतीवरून उडी मारून मांजर पलीकडे जाईल आणि कोणाच्या तरी उघड्या दारातून बाहेर पडेल, म्हणून त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली आणि भिंतीच्या माथ्यापासून छपरापर्यंत ठोकून टाकली. पलीकडच्या खोलीतल्या पापडवाल्या कुटुंबाला वाटलं, कंपाउंडरसाहेब आपल्यावर रागावले. त्यांची समजूत घालायला विष्णुपंतांना पाव शेर पापड विकत घ्यावे लागले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी टिंचरने एका पिलाची मान तोंडात धरली आणि खोलीभर फिरायला सुरुवात केली. ट्रंकेमागे ठेवलं, उचललं. फळीवर ठेवलं, उचललं. दाराशी नेलं, तिथे बसून राहिली. एकाला ठेवलं की दुसऱ्याला उचलायची. पाजायचं तिच्या ध्यानातच येईना. पिलं भुकेने किंचाळत होती. त्यांतलं सगळ्यांत लहान होतं ते तर संध्याकाळपर्यंत किंचाळेनासं झालं. विष्णुपंतांनी ते तळहातावर घेतलं, ड्रॉपरने थेंब थेंब दूध घातलं. पिलू गार लागत होतं. इतकं जपून जर हेच व्हायचं, तर ती कुत्री काय वाईट होती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

दवाखान्यात पाणी भरायला शहाडकडच्या पाड्यावरची ठमाबाई येत असे. तिला विष्णुपंतांनी सहज सांगावं तसं सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली आणि एखाद्या शाळकरी पोराला सांगावं तसं सांगितलं, "कंपाउंडर, मांजरीला सात घरां फिरवाची असतान पोरां. सात झाल्याबिगर त्यांचं डोलं उघरत नाय. तुमी तिला येकाच घरान कोंडून ठेवली, ती काय करल?"

विष्णुपंतांनी तिला शास्त्र समजावलं. पिलांचे डोळे आठ-दहा दिवसांत आपोआप उघडतात, घरं मोजून नव्हे. ठमाबाई म्हणाली, ते तुम्ही मला सांगू नका, मांजरीला सांगा. विष्णुपंत घरी आले तेव्हा टिंचर त्याच दाराशी, तेच पिलू तोंडात धरून बसलेली होती. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. पक्कड घेतली आणि जाळीचे खिळे उपसले.

दार मात्र त्यांनी उघडलं नाही. बराकीतल्या बाकीच्या पाचही घरी जाऊन त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत विनंती केली, की मांजर भिंतीवरून येईल, तिला येऊ द्या, फक्त बाहेरची दारं लावून घेत चला. दोन वर्षांच्या शेजारात विष्णुपंत कोणाच्या दारात गेले नव्हते. लोक त्यांच्याकडे औषधाला येत, ते कोणाकडे जात नसत. त्यामुळे लोकांना मांजरीपेक्षा त्यांचंच नवल वाटलं. ट्रंकेवर खोकं आणि खोक्यावर स्टूल रचून त्यांनी मांजरीला शिडी करून दिली.

टिंचरने वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी तीनही पिलं पापडवाल्यांच्या रजयांत गेली आणि रजईत शिरताच ती आडवी होऊन पाजायला लागली. विष्णुपंत भिंतीवरून डोकावून बघत होते. गार पडलेलं पिलू दोन भावंडांच्या मध्ये घुसून चोखतंय हे दिसलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. तो तसा स्वच्छच होता.

मग बराकीला दुसरा विषय राहिला नाही. दोन दिवस पापडवाले, दोन दिवस शिवणकामवाले, मग चौथी, मग पाचवी खोली. ज्या घरी मुक्काम असे त्या घरची मुलं ऐटीत फिरत. सात घरांचं शास्त्र एव्हाना सगळ्यांना मुखोद्गत झालं होतं. तिकडे सिंधमध्येही म्हणे मांजरी असंच करत. दहाव्या दिवशी टिंचर सहाव्या, शेवटच्या खोलीत गेली. ती टेकचंदची. पिलांचे डोळे तोवर उघडलेही होते, पण टिंचरला त्याचं काही नव्हतं. शनिवारी सकाळी ती पिलू तोंडात घेऊन टेकचंदच्या दाराशी बसली आणि बाहेर सोडा म्हणून ओरडू लागली.

खोल्या सहाच. सातवं घर म्हणजे बाहेर. समोरच्या बराकीपर्यंत मधलं उघडं मैदान, आणि मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी. टेकचंदच्या खोलीत सगळी बराक जमली. कोणी म्हणे सोडा, आईच्या मायेपुढे कुत्रं काय करतंय. कोणी म्हणे मुळीच सोडू नका. विष्णुपंतांना ठरवता येईना. सोडली तर दिवाळीचं डोळ्यांपुढे येत होतं, कोंडली तर ते गार पिलू हाताला लागत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "साईं, सात हैं. मेरा नहीं गिना."

कोपऱ्यात चादर टांगलेली होती. तिच्यामागे टेकचंदची आत्या राहत असे, हासीबाई. फाळणीनंतर तीन कॅम्पांतून फिरत फिरत वर्षापूर्वी इथे भाच्याकडे आली होती. भाच्याच्या चुलीवर जेवायला ती तयार झाली नाही. एक खाट, एक शेगडी, दोन भांडी आणि ही चादर एवढ्यात तिचं सगळं होतं. टेकचंद वाईट माणूस नव्हता, पण लोणच्याची बरणी तिच्या खाटेखाली असायची, आणि ज्याला लोणचं लागे तो चादर उचलून आत हात घालत असे. विष्णुपंतांच्या दवाखान्यातही ती डोळ्यांसाठी यायची. तिच्या कार्डावर पत्त्याच्या जागी त्यांनीच लिहिलेलं होतं, टेकचंद यांचेकडे.

सगळे हसले. चेष्टेने नव्हे, म्हातारं माणूस काही बोललं की हसतात तसे. विष्णुपंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "अम्मा, वो तो टेकचंद का ही कमरा है ना."

हासीबाईने चादर सारखी केली आणि ती मागे झाली. विष्णुपंतांनी निर्णय दिला, की उद्या रविवार, मी बदलापूरला जाऊन येतो, संध्याकाळी आल्यावर स्वतः काठी घेऊन मांजरीबरोबर चालत जाईन आणि दवाखान्यातली औषधांची खोली सातवी करीन. तोवर दार बंद. सगळ्यांना पटलं.

रविवारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी जाणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. घर वडिलांनी बांधलेलं, पण आता तिथे भावाचा संसार होता. भाऊ प्रेमळ, वहिनी प्रेमळ, पोरं अंगाखांद्यावर चढणारी. विष्णुपंत पाय धुऊन ओटीवर बसले, की वहिनी पाणी घेऊन येई आणि दर रविवारी विचारी तसं तिने आजही विचारलं, "भावोजी, मुक्काम आहे, की जायचंय संध्याकाळी?"

बिचारी भात किती टाकायचा एवढ्यासाठी विचारत होती. हे विष्णुपंतांना ठाऊक होतं. पण आज पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. आपल्याच बापाच्या ओटीवर आपल्याला मुक्काम विचारला जातो, हे त्यांना कधी खुपलं नव्हतं असं नाही. खुपतं असं त्यांनी स्वतःला कधी म्हणू दिलं नव्हतं. आणि मग एकदम त्यांना हासीबाईने सारखी केलेली चादर आठवली. आपण काल चारचौघांत त्या बाईला काय बोललो, ते आता नीट त्यांच्या कानांवर आलं. डोकं दुखतं म्हणून ते जेवण अर्धंच टाकून उठले, दुपारचीच गाडी धरली आणि कल्याणला बदलून शहाडला उतरले.

वाटेत त्यांनी ठरवलं होतं, आधी हासीबाईला जाऊन भेटायचं. काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. बराकीत शिरले तर टेकचंदची मुलगी तोंडावर बोट ठेवून धावत आली. दार उघडायची गरज उरली नाही, असं तिने कुजबुजत सांगितलं. दुपारी सगळे जेवत असताना टिंचर दाराशी ओरडायची थांबली, उठली, चादरीखालून आत गेली, परत आली, आणि एकामागून एक तिन्ही पिलं तिकडे घेऊन गेली. आता दोन तास झाले, शांत पडून आहे. लोणचं मागायला कोणी उठलं तर हासीबाईने आतून नुसतं हूं केलं, आणि सगळे कोरडीच पोळी जेवले.

विष्णुपंत टेकचंदच्या खोलीत आले. बराकीतली निम्मी माणसं तिथे दबक्या पावलांनी उभी होती. चादर दोन ठिकाणी ठिगळं लावलेली, खालून हातभर उघडी. तिच्याखालून शेगडीची धग येत होती आणि घरघर ऐकू येत होती. टेकचंदने मोठ्या कौतुकाने, साहेबांना दाखवावं म्हणून, चादरीचं टोक धरून वर उचलायला हात घातला. विष्णुपंतांनी त्याचा हात धरला आणि हळूच खाली घेतला.

चादरीला काही कडी नव्हती, वाजवायला काही नव्हतं. ते चादरीसमोर ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हासीबाई, मैं विष्णुपंत. अंदर आऊं?"

आतून भांडं सरकवल्याचा, खाटेवरचं काही आवरल्याचा, पदर झटकल्याचा आवाज आला.

"ठहरो साईं," ती बदललेल्या आवाजात म्हणाली, "घर ज़रा ठीक कर लूं."

विष्णुपंत थांबले. त्यांच्यामागे टेकचंद थांबला, त्याची बायको थांबली, पापडवाले थांबले. ती चांगला वेळ घेत होती, आणि कोणालाही घाई नव्हती.