वावराची वरची वीत

बोरगाव मेघेच्या पलीकडच्या एका बागायतदारानं मला अर्धा एकर वावर विकलं आणि खरेदीखत व्हायच्या आत त्याच वावराची वरची वीत-दीड वीत माती काढून दुसऱ्यांना विकून टाकली. फसवणारा तो आणि फसलेला मी.

मला फसवणं सोपं नाही. महामार्गावर जाम गावच्या चौकात मी पंधरा वर्षं संत्री विकली. आधी जमिनीवर पोतं टाकून, मग हातगाडीवर, मग पत्र्याच्या गाळ्यात. गाडीची काच खाली यायच्या आत गिऱ्हाईक किती घासाघीस करणार हे मला कळायचं. मी माल घेताना खालची रास वर करायला लावायचो आणि बागवाले मला शिव्या द्यायचे. त्या कमाईतून मी छोटा ट्रॅक्टर घेतला आणि त्याला जोडायला दहा तव्यांचा डिस्क हॅरो. तवा म्हणजे जेवणाच्या ताटाहून थोडी मोठी, खोलगट पोलादी चकती. अशा चकत्या दोन दांड्यांवर ओवलेल्या असतात. ट्रॅक्टर पुढे गेला की त्या फिरत मातीत शिरतात, ढेकूळ कापतात, पलटवून बाजूला टाकतात. मोठा ट्रॅक्टर जिथं वळू शकत नाही अशा भाजीच्या तुकड्यांत आणि घरामागच्या बागांत मी हे काम भाड्यानं करतो; सगळ्या वावरावरून हॅरोची एक फेरी म्हणजे एक पाळी. पण दुसऱ्याचं वावर किती दिवस वखरायचं? मला स्वतःचं पाहिजे होतं.

त्या बागायतदाराचा तुकडा मी माघात पाहिला. वांगी, टमाटर, कडेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाय ठेवला की चपलेचा काठ मातीत जायचा. पिढीजात बागायत, दर उन्हाळ्यात शेणखत. माणूस वयानं मोठा, बोलायला गोड. सौदा तीन बैठकांत झाला. शेवटच्या बैठकीत मी माझ्या सवयीप्रमाणे एक गोष्ट वर मागितली.

"काकाजी, खरेदीच्या आधी वावर साफ करून दोन पाळ्या हॅरो मारून द्या. माझं डिझल वाचते."

"तुले वावर पायजे का माझा ट्रॅक्टरही पायजे?" तो हसत म्हणाला.

"ट्रॅक्टर राहू द्या. मेहनत द्या."

"देतो ना बाबू. दोन काऊन, तीन पाळ्या मारून देतो."

हा माणूस एका जुडीसाठी पाव तास भांडणारा. त्यानं मागण्यापेक्षा जास्त कबूल केलं, तेव्हाच मी उठून उभं राहायला पाहिजे होतं. मी मात्र चहा प्यालो आणि आपण जिंकलो असं समजून घरी आलो.

पुढचा महिनाभर मृगाच्या बहराची संत्री जोरात होती. मी जामला अडकलो. वावराकडे फिरकलोच नाही. खरेदीच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना गेलो आणि बांधावरच थांबलो.

आजही ते दृश्य आठवलं की माझा राग क्षणभर थांबतो. अर्धा एकर जमीन एखाद्या अंथरुणासारखी पसरली होती. एक ढेकूळ नाही, एक काडी नाही. तव्यांच्या बारीक रेघा या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ गेलेल्या. आदल्या दिवशी त्यानं विहिरीचं पाणी सोडलं असावं, कारण सगळं ओलसर काळं दिसत होतं. मी रोज हेच काम करणारा माणूस, पण इतकी देखणी पाळी माझ्या हातून कधी उतरली नव्हती. मी खाली बसलो, मूठभर माती घेतली, दाबली, सोडली. ती फुटून बोटांतून गळाली. मध्ये जुनं शेवग्याचं झाड होतं. त्याच्या बुडाशी ओट्यासारखा उंचवटा दिसला. मला वाटलं, बसायला केला असेल. दुपारची भाकर खायला बरी जागा, एवढंच मनात आलं. रास खालून वर करायची माझी सवय त्या दिवशी कुठं गेली होती, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

खरेदी झाली. मी मेथी टाकली. तिसऱ्या पाण्यालाच वावर चिरेबंद झालं. पाणी वर उभं राहायचं, मग पापडी धरायची. मेथी निघाली ती पिवळी, बोटभर, आणि तिथंच थांबली. मी खत दिलं, पुन्हा पाणी दिलं, बियाणंवाल्याशी भांडून आलो. शेवटी वाफसा धरून, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी वेळ साधून, स्वतःचा हॅरो घातला. तवे आत जाईनात. हॅरोच्या चौकटीवर दगड ठेवले तेव्हा कुठं ते चार बोटं शिरले, आणि वर आले ते पांढरे चुनखडे. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून मला खालची खरखर मणक्यात ऐकू येत होती.

मेथी उपटायला मी एका मावशीला बोलावलं होतं. ती त्याच वावरात वीस वर्षं रोजंदारीनं होती, आधीच्या मालकाकडे. ती बांधावरून उतरली, दहा पावलं चालली आणि थांबली.

"भाऊ, हे ते वावर नोय."

"मावशी, गट नंबर तोच आहे."

"नंबर तुमच्या कागदाले. म्या इथं टोपल्यानं शेण वाह्यलं. माह्या पायाले समजते." मग तिनं शेवग्याकडे हात केला. "त्या झाडाचं बूड जमिनीसारखं होतं. आता तुमीच सांगा, झाड वर गेलं का वावर खाली गेलं?"

मी झाडाजवळ गेलो. उंचवट्याच्या कडेनं मुळ्या तुटून लोंबत होत्या. मी कडेला वीत लावून पाहिली, दीड वीत भरली. उंचवट्याची माती मोकळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. त्याच्या खालून माझं वावर सुरू होत होतं.

"घेतलं तेव्हा चष्मा घरी राह्यला होता काय?" मावशी म्हणाली.

मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे मेथी उपटत राहिली.

त्या रात्री जाऊन मी त्याची कॉलर धरली असती, पण माझ्या हातात पुरावा काय होता? एक झाड. तो म्हणाला असता, ओटा मीच केला.

पुरावा दसऱ्यानंतर मिळाला, तोही भाड्यानं बोलावलेल्या कामावर. नव्या लेआउटमध्ये एका निवृत्त बँकवाल्यांचा बंगला आहे. मागच्या जागेत त्यांना हिवाळी भाजी करायची होती. पावसानं माती बसली होती, वर गुडघाभर गवत. फाटकाचं एक दार काढून मी ट्रॅक्टर आत घेतला. गवत गोळा करायला मावशी सोबत होतीच.

पहिल्या पाळीला मी तवे थोडेच तिरके ठेवले, गवत कापण्यापुरते. हॅरो खाली सोडला आणि मला वाटलं, काही तरी तुटलं. खालून आवाजच येईना. मागे वळून पाहिलं तर तवे अर्धे बुडाले होते आणि माती त्यांच्या पोटातून चढून, वळून, हळूच बाजूला पडत होती. ओढ इतकी कमी की इंजिन गुणगुणत होतं. दुसऱ्या पाळीला मी तवे आणखी तिरके केले. तव्यामागून तव्याएवढी काळी लाट उठत होती आणि पडतापडता फुटून रव्यासारखी होत होती. तिचा वास आला. जुन्या शेणाचा, पालापाचोळ्याचा, ओल्या सावलीचा. मी शेकडो वाफे वखरलेत. माती यंत्राला वाट देते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कितीतरी लोकांनी कितीतरी वर्षं जे वाहून आणलं, कुजवलं, भिजवलं, ते सगळं त्या दहा चकत्यांवरून उतरत होतं, आणि मी त्याच्यासमोर अगदी लहान झालो होतो.

मावशीनं हात वर केला. मी ट्रॅक्टर थांबवला. तिच्या तळहातावर हिरव्या बांगडीचे तीन तुकडे होते.

"उकिरड्याचं खत आहे," ती म्हणाली. "घरची झाडलोट त्याच्यातच जाते. आपल्या वावरात हेच निघे, भाऊ."

बांगड्यांचे तुकडे कुठल्याही खताच्या मातीत निघतात. म्हणून मी बंगल्याच्या मालकांना विचारलं, माती कुठली?

"अहो, फार चांगली मिळाली," ते कौतुकानं म्हणाले. "उन्हाळ्याच्या तोंडाला आणली. नाल्यापलीकडे ते शेवग्याचं झाड आहे ना, तिथलं भाजीचं वावर. मी स्वतः जाऊन पाहिलं, मशीननं काढत होते. मालक उभे होते. म्हणाले, जमीन विकली, मातीला मोल द्यायला माणूस पाहिजे."

त्यांचा काय दोष? त्यांनी रोख देऊन घेतली होती. मी पुन्हा सीटवर चढलो. दोन पाळ्यांचं ठरलं होतं, मी चार मारल्या. माती माझी होती, आणि ती दुसऱ्याच्या कुंपणात इतकी सुंदर होत असताना हॅरो उचलवत नव्हता. मावशी एकदा म्हणाली, "आज डिझल फुकट आहे वाटते." मी पुढची पाळी धरली.

तिथून थेट मी त्या बागायतदाराकडे गेलो. तो ओसरीत चहा पीत होता. मी बसलो नाही.

"काकाजी, माझी माती कुठं आहे?"

"तुह्या वावरात."

"बंगल्यामागं आहे. मी आत्ता वखरून आलो."

त्याचा कप हलला नाही. "सातबारा पाय. गट तोच, क्षेत्र तेवढंच. मोजणीवाला आणजो, एक बोट कमी निघालं तं मले सांगजो. लांबी लेह्यली, रुंदी लेह्यली. खोली कुठं लेह्यली?"

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "आन् साफ करून दे, हॅरो मारून दे, हे कोण म्हणे? मी म्हणत होतो? मी तं तुह्याच मनासारखं केलं."

मी दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही. बायका आतून बाहेर आल्या, शेजारचे जमले, कोणीतरी माझा हात धरून मला बाहेर आणलं. सगळ्यांनी मला समजावलं. त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. काहींच्या अंगणात तीच माती असेल.

वकील म्हणतो, कागद त्याच्या बाजूनं आहे. असेल. खोली न विचारण्याची चूक माझी, तीही मी इथं लिहून ठेवतो. पण विहिरीचं पाणी सोडून, तीन पाळ्या मारून, मेलेल्या मातीला जिवंत दाखवणारा हात त्याचा होता. वीस वर्षं ज्या बाईनं डोक्यावरून शेण वाहिलं, तिची मेहनतही त्यानं ट्रॉलीत भरून पाठवली, आणि तिला तर त्यानं काही विकलंही नव्हतं. मी आता कागदावर भांडणार नाही. त्यानं माझ्या वावरात यावं, दिवसाउजेडी, चार माणसं घेऊन. कुदळ मी देतो. मधोमध हातभर खड्डा स्वतः खणावा, जे निघेल ते मावशीच्या ओंजळीत घालावं, आणि तिच्याकडे पाहून सांगावं की ही माती त्यानं मला दिलेली आहे. नसेल सांगता येत, तर ती गेली कुठं आणि कोणत्या हक्कानं, याचं उत्तर त्यानं तिथंच उभं राहून द्यावं.