भाड्याचा बाप

मिलवॉकीतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दर शनिवारी भविष्यातल्या शहराचा खेळ मांडायचो; प्रत्येकाने त्या शहरातलं एक पात्र व्हायचं आणि फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची. खेळ चालवणाऱ्या डेलने विचारलं, "कंपनीच्या खाजगी पोलिसांना रस्त्यावरची पोरं काय म्हणतील? झणझणीत शब्द हवा."

"टिनपाट!" मी म्हटलं.

"हे तर तुलाच शोभेल," डेलने मला चिडवलं.

आमच्यात वयाने मोठा वेंडेल. कारखाना बंद पडल्यापासून गप्पगप्प असायचा. हातातले फासे खुळखुळवत तो म्हणाला, "भाड्याचा बाप. पैसे देऊन आणलेला, पोरांवर डाफरायला."

आम्ही टेबल बडवून हसलो. डेलने शब्द वहीत उतरवला.

पुढच्या मंगळवारी मला वेंडेल मॉलमध्ये दिसला. अंगावर रखवालदाराचा गणवेश, कमरेला चाव्या. कारंज्यापाशी टवाळ पोरं ओरडत होती, "ए भाड्याच्या बापा, घरी कधी नेतोस?"

मला पाहताच त्याने टोपी काढली. "कुणाला सांगू नकोस, पोरी. मी गोदामात लागलोय असं वाटतंय आपल्या खेळातल्या सगळ्यांना."

मी कुणालाच सांगितलं नाही. शनिवारी खेळात खाजगी पोलीस आले, तेव्हा मी खाली वाकून पडलेला फासा शोधू लागले. सगळ्यांत मोठ्याने वेंडेलच ओरडला, "आला रे, भाड्याचा बाप!"