पाइप बघायला येणारे डॉक्टर

झाशीच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनं दुरुस्त होतात तिथं, मी खलाशी, म्हणजे मदतनीस होतो, तेव्हा रेल्वे इस्पितळातले एक सर्जन दर रविवारी इंजिनांचे पाइप बघायला यायचे. तिथल्याच जुन्या मराठी घरातले, पण सुस्कारा हिंदीत टाकायचे.

"हे भगवान! नशीबवान आहात भैया. तुमचे पाइप सगळ्या इंजिनांत एकाच जागी. माणसाच्या पोटात धमन्या वाटेल तिथून निघतात."

पुढे माझंच पित्ताशय काढायची वेळ आली. घर लांब, जवळचं कुणी नाही. ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी केलं. शुद्धीवर आलो तर डॉक्टर उशाशी.

"यकृताची धमनी पुस्तकातल्या जागी नव्हतीच. पित्ताशयाला चिकटून होती. आधी शोधली, मगच कापलं, म्हणून वाचलास. शिकलास किती?"

"चौथी, साहेब."

"तरीच! पोटानंही पुस्तक उघडलेलं नाही."

हसलो तर टाके ओढले जायचे, म्हणून नुसते हात जोडले.